ज्यांच्यापुढे मी नकार टाकला

हे आत्ताच सांगायला पाहिजे. आत्ता म्हणजे आत्ता, जेवण झाल्यावर नाही. काकीने तासाभरापूर्वी हो म्हटलंय आणि ती कांद्याच्या वाफ्यांवरून परत येईपर्यंत तिचा हो टिकेल याची मला काही खात्री नाही. म्हणून ओट्यावर बसून मोबाइलवरच टाइप करतेय, दोन्ही अंगठ्यांनी. चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

"लिव," ती म्हणाली. "पन नाव नको घालू. माझं नको, गावाचं नको, तुझं बी नको."

"मग लोकांना कळणार कसं, कोणाचं आहे ते?"

"कोनाचं हाय ते कशाला कलायला पायजे? काय झालं तेवढं कलू दे."

म्हणून नावं नाहीत. एवढं सांगते की आमचं गाव रेवसच्या धक्क्यापासून फार लांब नाही. भात निघालं की त्याच जमिनीत पांढरा कांदा आणि वाल. काकी म्हणजे माझ्या वडिलांच्या धाकट्या भावाची बायको. काका ट्रक चालवायचा, बंदरावरून कंटेनर उचलायचा आणि पार गुजरातपर्यंत जायचा. नऊ वर्षांपूर्वी गेला. आम्हाला सांगितलं कावीळ झाली. त्यांना पोरबाळ नाही. घर एकच, मधे भिंत घातलेली, ओटा दोघांचा. मी जेवायला आईकडे आणि खायला काकीकडे, अशीच वाढलेय.

आता माझ्या कामाचं सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

बीएस्सी झाली आणि मला एका प्रकल्पात काम मिळालं. गावागावातल्या बायकांची एचपीव्हीची तपासणी करायची होती. सिस्टर नमुने घेणार आणि मी टॅबवर माहिती भरणार. जाम खूश होते मी. टायपिंग फास्ट आहे माझं, मुलाखतीत त्याच्यावरच घेतलं मला. ट्रेनिंगला शहरातून एक डॉक्टर मॅडम आल्या होत्या. त्यांनी इतकं सोपं करून सांगितलं की मला आजही शब्दन्‌शब्द आठवतो.

एचपीव्ही हा विषाणू संबंधांतून येतो. बहुतेक बायकांना आयुष्यात कधी ना कधी होतोच, आणि बहुतेकींचं अंग तो स्वतःहून बाहेर टाकतं. कळतसुद्धा नाही. काही जणींच्यात मात्र तो जात नाही. गर्भपिशवीच्या तोंडाशी बसून राहतो, वर्षानुवर्षं. दुखत नाही, खुपत नाही, ताप नाही. बाई भात लावते, लग्नं उरकते, आणि आत त्याचं काम चालू असतं.

"आणि ज्या बाईला एचआयव्ही आहे," मॅडम म्हणाल्या, "तिचं अंग आधीच एका लढाईत गुंतलेलं असतं. तिच्यात हा विषाणू सहज हटत नाही आणि कॅन्सरकडे लवकर जातो. म्हणून तिला आधी तपासायचं, आणि पुन्हा पुन्हा तपासायचं."

प्रकल्पात म्हणून दोन याद्या होत्या. एक एचआयव्हीची औषधं घ्यायला सेंटरवर जाणाऱ्या बायकांची, ती त्या सेंटरवाल्यांकडेच. दुसरी गावातल्या बायकांची, ती माझ्याकडे. माझ्या यादीतही एचआयव्हीचा रकाना होता. 'आहे', 'नाही', 'माहीत नाही'. खरं तर प्रत्येकीला आडोशाला घेऊन विचारायचं होतं. पण आमच्या गावात कोणाला असणार, मी तर सगळ्यांना ओळखते! पहिल्या नावापुढे 'नाही' टाकलं आणि कोपरा धरून खाली ओढलं. एका सेकंदात रकाना भरला. काकीचं नाव मधे कुठेतरी होतं, तिच्यावरूनही बोट तसंच गेलं.

पहिलं शिबिर ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये ठेवलं. चार बायका आल्या, त्यातल्या दोन पाणी प्यायला. "आमाला काय झालंय? धडधाकट हाव आमी." "घरातला मानूस बोलला, तिकडं कशाला जातेस कपडे काढायला?" सिस्टर वैतागली. मॅडमचा मेसेज आला की या गावाचं काम मागे पडतंय.

आणि मग मला आयडिया सुचली. हो, मलाच. हे दुसऱ्या कोणावर ढकलता येणार नाही.

मागच्या वर्षीची संक्रांत तोंडावर होती. मी म्हटलं, शिबिर म्हणूच नका, हळदीकुंकू ठेवा! आमच्या ओट्यावर. बायका नटूनथटून येतील, हसतखेळत होईल आणि वाण म्हणून किट द्यायचं. ब्रश आणि नळी. पडद्यामागे जाऊन बाईने स्वतःच नमुना घ्यायचा, डॉक्टर नको की टेबल नको. वर एक प्लॅस्टिकचा डबा. सिस्टरने टाळीच वाजवली. मॅडमनी अंगठा पाठवला, मग अजून एक. मी एवढी हवेत होते की अजून एक घुसडलं: किट देण्याआधी प्रत्येकीने उखाणा घ्यायचा. उखाणा घ्या, किट न्या.

आई बोलावणं द्यायला निघाली. आमच्याकडे मोबाइलवर बोलावलेलं चालत नाही, घरोघरी करंडा घेऊन जायचं, कुंकू लावायचं आणि "या हां" म्हणायचं. मी तिच्या मागे टॅब घेऊन. ती कुंकू लावेल, मी नावापुढे खूण करेन. गावात दीड तास फिरलो. आणि आता डोळे मिटले की मला तेच दिसतं: आईचे पाय. ती एखाद्या दाराशी यायची आणि थांबायची नाही. वेग कमी नाही, मान वळवणं नाही, काही नाही. सरळ पुढच्या दारात. जसं त्या दोन घरांच्या मधे घरच नव्हतं. अशी दारं आली, गेली, आणि मी मागून टाइप करत चालले होते.

हळदीकुंकवाच्या दिवशी सकाळपासून काकीने तिळाचे लाडू वळले. सगळे तिनेच. गरम पाकात हात घालायला दुसरं कोणी धजत नाही. मी तिच्या चुलीपाशी बसून नळ्यांचे स्टिकर छापत होते.

"ते नक्की काय बघतात गो त्याच्यात?" तिने विचारलं.

मी स्टिकरवरून नजर न काढता सांगितलं. विषाणू, पिशवीचं तोंड, कॅन्सर, सगळं फटाफट.

"नि कोनाला जास्त डेंजर?"

"एचआयव्हीवाल्यांना. पण ते आपल्याकडे नाही, ते वेगळं."

तिच्या हातातला लाडू दोन्ही तळव्यांमध्ये फिरत राहिला, फिरत राहिला. मग म्हणाली, "मंग मी..." आणि तेवढ्यात पलीकडून आईची हाक, सतरंजी कुठाय म्हणून. मी उठले. उठता उठता म्हटलं, "काकी, तू पण ये हां, फक्त दहा मिनिटांचं काम आहे."

"व्हय," ती म्हणाली.

माझ्या तेवढ्या बोलण्यालाच मी बोलावणं समजले.

दुपारी ओटा असा भरला की चपला रस्त्यापर्यंत. काय धमाल आली, खोटं कशाला बोलू! एकीने उखाणा घेतला, नवऱ्याचं नाव मी गाळते: "तिलाचे लाडू वलले गोल गोल, अमक्याचं नाव घेते, सिस्टर, ब्रश जातो किती खोल!" बायका एकमेकींच्या अंगावर पडल्या. दुसरी पडद्यामागून बाहेर आली ती कपाळ पुसत. "एवढंच? दहा आकडे मोजले नि झालं? आमच्या घरवाल्याला पन तेवढाच टाइम लागतो!" सिस्टर हसून हसून खाली बसली. मी व्हिडिओ काढत होते. त्या व्हिडिओत एका ठिकाणी मागे काकीचं दार दिसतं. ती लाडवांचं ताट उंबऱ्यावर ठेवते, कोणाला तरी खुणेने सांगते की उचला, आणि विळा घेऊन मागच्या बाजूने निघून जाते. कांद्याच्या बेणणीला, तण काढायला. मी तो व्हिडिओ आत्तापर्यंत किती वेळा बघितलाय त्याची गणतीच नाही.

संध्याकाळी नऊ किटं उरली. नऊ जणी आल्या नव्हत्या. टॅबवर तीनच पर्याय येत होते: 'तपासणी झाली', 'गावात नाही', 'नकार'. गावात तर होत्या सगळ्या. मी नऊच्या नऊ जणींपुढे नकार टाकला. काकीच्या नावापुढे टाकताना हसलेही, कांद्यापुढे काही सुचत नाही हिला म्हणून. किटं खोक्यात भरून परत पाठवली. आमचं गाव प्रकल्पात सगळ्यात पुढे गेलं. ग्रुपवर फुलं, टाळ्या, "कल्पक कार्यकर्ती". मी स्क्रीनशॉट काढून ठेवला.

मग पावसाळा आला आणि काकी बारीक व्हायला लागली.

मी म्हणजे असा फॉर्म भरणारी मुलगी आहे की ज्याच्यात एक रकाना होता: 'पाळी बंद झाल्यानंतर रक्तस्राव: आहे की नाही'. तो मी गावोगावी विचारला होता. आणि काकी मला म्हणाली, "माझी पाली परत आली गो, जवान झाले मी," आणि मी हसले. आम्ही दोघी हसलो! तिची पाळी बंद होऊन तीन वर्षं झाली होती. तिला पुढच्या गावातल्या मेडिकलमध्ये जायची लाज वाटायची, तर मी तिला पॅडची पाकिटं आणून दिली. एक संपायच्या आत दुसरं. न्हाणीत फिनेलचा वास यायला लागला, रोज. ती उदबत्ती लावायची, दुपारी बारा वाजतासुद्धा. ओट्यावर बसली की एका कुशीवर भार टाकून बसायची. आई म्हणाली, "कंबर धरली असेल, चिखलात उभी राहून." मी म्हटलं हो, असेल.

हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होत होतं. रोज.

नवरात्र झाल्यावर ती म्हणाली, "उद्या माझ्याबरोबर मुंबईला ये. पिशवी उचलत न्हाय माझ्यानं."

काकी दर एक-दोन महिन्यांनी लाँचने भाऊच्या धक्क्याला जायची, तोंडली नाहीतर वाल घेऊन. तिची ठरलेली गिऱ्हाइकं आहेत असं घरात सगळ्यांना माहीत होतं. कधी कोणी बरोबर गेलं नव्हतं.

रेवसला ओहोटी होती. धक्क्याच्या पायऱ्या शेवाळाने काळ्या पडलेल्या आणि खाली चिखल. मी पिशवी घेऊन तिच्या मागून उतरत होते. आणि तिच्या साडीवर, मागे, डाग दिसला. हाताच्या पंज्याएवढा. माझ्यासमोर तो मोठा होत होता. मी माझी ओढणी तिच्या कमरेला गुंडाळली. लाँचमध्ये ती खिडकीशी बसली. पाणी राखाडी, समोर मुंबई अजून दिसत नव्हती. मी म्हटलं, "काकी, आधी डॉक्टरकडे जायचं. तोंडली गेली खड्ड्यात."

"तिकडंच चाललोय," ती म्हणाली.

धक्क्यावरून टॅक्सी केली. एका मोठ्या दवाखान्यात ती मला घेऊन गेली. असे जिने, असे बोळ, आणि तिला सगळे पाठ! माझं डोकं चालेना. एका दरवाजावर पाटी होती. ती मी वाचली. मग परत वाचली. मॅडमच्या पहिल्या यादीतल्या बायका जिथे जातात तसलं सेंटर. आत बाकांवर बायका, पुरुष, कोणी कोणाकडे बघत नव्हतं. तिथे नाव पुकारत नाहीत, नंबर पुकारतात. काकीचा नंबर पुकारला, ती उठली.

आतल्या सिस्टरने तिला ओळखलं, कमरेची ओढणीही बघितली. "काय गं? तुला पिशवीची तपासणी करून घे म्हटलं होतं ना मी? वर्ष झालं. केलीस?"

"न्हाय झाली."

"का? तूच म्हणालीस ना, गावात होणार आहे, पुतणीच करते, तिकडेच करते म्हणून?"

काकीने खाली बघितलं. मी दारात उभी होते. पुतणी म्हणजे मी.

म्हणजे तिला माहीत होतं. तिला सेंटरवाल्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. आणि तिने तिथे नाही म्हटलं, कारण मी तिला पोटच्या पोरीसारखी, माझ्या हातून करून घ्यायचं होतं तिला. वाट बघत होती ती. आणि मी चुलीच्या धुरात तिला म्हटलं होतं, ते आपल्याकडे नाही, ते वेगळं.

त्या दिवशी नमुना घेतला, सिस्टरने लगेच पुढच्या तपासणीची तारीखही घेतली. मग आम्ही दवाखान्याच्या आवारात चहा आणि पाव घेऊन बसलो. काकीने पाव चहात बुडवला आणि सांगितलं. सरळ, जसं कोणी वाफ्यात रोपं लावावी, एकामागून एक. काकाला कावीळ नव्हती. काका गेला त्याच्या आधी दोन वर्षं दोघांचीही तपासणी झाली होती. तेव्हापासून ती रोज गोळी घेते. अलिबागला घेतली असती, पण तिकडे आपल्या गावची एक कामाला आहे. म्हणून लाँच, म्हणून तोंडली. गोळ्यांच्या बाटलीत ती कापूस भरून ठेवते.

"कापूस का?"

"पिशवीत वाजतात ना."

मी रडायला लागले. ती म्हणाली, "गप, लोक बघतात. नि त्या गोल्यांनी मी बरी हाय. मी त्याने न्हाय मरत, डॉक्टरने सांगितलंय."

"मग तू त्या दिवशी आली का नाहीस? ओट्यावरच होतं ना! भिंतीच्या पलीकडे! मी म्हटलं होतं ये म्हणून!"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जशी काही मी खूप लहान आहे.

"हलदीकुंकवाला मी कशी येनार गो?"

बास. एवढंच म्हणाली. राग नाही, टोमणा नाही. मला वाटलं माझ्या तोंडावर कोणीतरी दार लावलं. मी चोवीस वर्षांची आहे, मी टीव्हीवर बघितलंय, हल्ली विधवांनाही बोलावतात, आम्ही असलं काही मानत नाही असं मी कॉलेजमध्ये भाषणात बोललेय! आमच्या गावात कोणी कोणाला येऊ नको म्हणत नाही. म्हणावंच लागत नाही.

"तुला वाटलं तरी कसं," ती म्हणाली, "की मी तिथं येऊन उखाना घेईन?"

परतीच्या लाँचमध्ये मी टॅबवरची जुनी यादी उघडली. नऊ नकार. पहिली, नवरा समुद्रात गेला. दुसरी, नवरा दारूने. तिसरी, काकाबरोबरच ट्रकवर होता तिचा नवरा, काकाच्या नंतर सहा महिन्यांनी गेला. चौथी. पाचवी. नऊच्या नऊ. एकीचंही कपाळ भरलेलं नाही. ज्या बायकांचे नवरे असे लवकर गेले, कशाने गेले ते घरात कोणी मोठ्याने बोलत नाही, त्या बायकांतच एचआयव्ही असण्याची शक्यता जास्त, आणि तशांना सगळ्यात आधी तपासायचं होतं. मॅडमनी सांगितलं होतं. मी वहीत खाली दोन रेघा मारल्या होत्या. आणि मी गावातल्या सगळ्या बायका गोळा केल्या, त्या सोडून.

काकीच्या नमुन्यात विषाणू सापडला. मग दुर्बिणीतून बघितलं आणि तुकडा काढला. तिथल्या डॉक्टर बघताना बोलत होत्या, हे सांगत होत्या, ते सांगत होत्या, आणि मग एका क्षणी बोलायच्या थांबल्या. मी पडद्याच्या या बाजूला होते. त्या थांबल्या तेव्हाच मला कळलं. रिपोर्ट यायच्या आधी.

कॅन्सर आहे. किती पुढे गेलाय? "खूप लांब गेलेला वाटत नाही, पण आत्ताच काही सांगत नाही," असं त्या म्हणतात. मी विचारलं, वर्षभरापूर्वी सापडलं असतं तर? त्यांनी कागद नीट लावून ठेवले. म्हणाल्या, "असं नाही बघायचं." काकीने नंतर मला विचारलं, काय बोलल्या? मी सांगितलं, असं नाही बघायचं म्हणाल्या. "मंग नको बघू," ती म्हणाली. तिला हे जमतं. मला नाही जमत.

उरलेल्या आठ दारांत मी गेले. भर दुपारी, एकटी, करंडा नाही, काही नाही. प्रकल्पाच्या सिस्टरच्या हातापाया पडून किटं मागवली होती. पहिल्याच दारात ऐकलं, "आज वाट चुकली का गो? तुमची वाट तर आमच्या पुढून जाते." खरं होतं ते, ऐकून घेतलं. एका दाराला कुलूप होतं. शेजारणीने सांगितलं, ती गणपतीनंतर गेली. कशाने? "पोटात दुखायचं. रगत जायचं." आणि शेजारीण आत निघून गेली. त्या कुलपासमोर मी किती वेळ उभी होते माहीत नाही. तिच्या नावापुढे माझ्या टॅबमध्ये अजून नकार आहे. तो बदलायला आता पर्यायच नाही.

एकीने खरोखरचा नकार दिला, दार लावून घेतलं. सहा जणी आल्या, काकीच्या मागच्या न्हाणीत, एकेक करून, आणि काकी स्वतः दाराशी पाटावर बसली. "जा गो आत. लाडू न्हाय, उखाना न्हाय. दहापरेंत आकडे येतात ना?" एक म्हातारीशी म्हणाली, "मला आता काय व्हायचंय?" काकी म्हणाली, "मला पन तेच वाटलं व्हतं." म्हातारी गुपचूप आत गेली. आई पलीकडे, मागच्या बुटक्या भिंतीआड होती. तिला सगळं ऐकू जात होतं. ती बाहेर आली नाही, पण थोड्या वेळाने भिंतीवरून चहाची किटली सरकवली.

सहामधल्या दोघींच्यात सापडलाय. त्यांची पुढची तपासणी व्हायची आहे. एकीने काकीला काहीतरी कानात सांगितलं. काकीने मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. या वेळी मी त्या रकान्यात काहीही ओढलेलं नाही.

काकीचे शेक, म्हणजे रेडिएशन, सोमवारी सुरू होतात. ती मुंबईत राहणार, मी तिच्याबरोबर. आत्ता तिला वाकू देत नाही आम्ही, पण बांधावर जाऊन उभी राहते, कांद्याच्या पाती बघत.

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे काल आलेला फोन. खाली काशीदच्या बाजूच्या एका गावातली मुलगी, माझ्यासारखीच, माझंच काम करणारी. आवाजात अशी उडी! "ताई, तुमची ती हळदीकुंकवाची आयडिया मॅडमनी सगळीकडे पाठवली ना! आम्ही रथसप्तमीच्या आधी करतोय. फ्लेक्सपण लागला!"

मी तिला सांगितलं. काकीचं नाही सांगितलं, बाकी सगळं. विधवा येत नाहीत, सोडलेल्या येत नाहीत, आणि त्यांनाच जास्त गरज असू शकते.

"अहो पण ताई, आम्ही तर सगळ्यांनाच बोलावलंय. या म्हटलंय. यायला कोणी मना केलंय का?"

"बोलावणं द्यायला कोण जातंय?"

"मम्मी आणि तिच्या दोन मैत्रिणी. करंडा घेऊन."

"तू मागे जा. त्यांचे पाय कुठे थांबत नाहीत ते बघ."

"म्हणजे?"

मी म्हटलं, हळदीकुंकू नको करू. साधा मंगळवार बघ, अंगणवाडीत ठेव, नाव काहीच देऊ नको. ती मग म्हणाली, फ्लेक्स लागलाय, लाडवांची ऑर्डर गेलीय, बघते विचारून. रात्रीपासून मी तिला चार मेसेज केलेत. वाचलेत तिने. उत्तर नाही.

काकी येताना दिसतेय बांधावरून. हळू चालतेय, मधेच थांबते, पुन्हा चालते. ती पोचायच्या आत हे पाठवून टाकते.

मला खरंच विचारायचंय, लाजू नका. तुम्ही कधी सगळ्यांना बोलावलं, सगळे आले असं वाटलं, फोटोही काढले, आणि नंतर कळलं की जिला यायला पाहिजे होतं तिला तुम्हीच दाराबाहेर ठेवलं होतं? किंवा तुम्ही त्या दाराच्या आतून बघत होता, आणि पाय तुमच्यापुढून निघून गेले? तुमच्या यादीत अशांच्या नावापुढे काय लिहिलंय? झालंय का हे तुमच्याकडे?